भिंतीवर अर्धवट गोल कसा टांगावा

झाला ना नवीन फ्लॅट? वडोदऱ्यात, वाघोडिया रोडला, टू बीएचके, सहावा मजला, खाली पार्किंगची भांडणं चालू? मग आता सोफ्याच्या मागची ती मोठी भिंत मोकळी ठेवू नका. तिथे काहीतरी जपानी हवं. गणपती दाराशी गेला, तंजावरची देवी नणंदेने आधीच लावून टाकली, आणि लग्नातला फोटो मोठा करून लावायचे दिवस गेले, त्यात तुम्ही दोघंही बारीक दिसता.

तर काय घ्यायचं ते सांगतो. पांढऱ्यावर काळ्या शाईचा एकच गोल, तोही पुरता न मिटलेला, शेवटाकडे ब्रश सुकल्यावर उमटतात तशा नुसत्या रेघा रेघा. त्याला एन्सो म्हणतात. झेन साधू तो एका दमात काढतो आणि त्या क्षणी मन कसं होतं ते त्यात उतरतं असं म्हणतात. तुमचा मात्र मशीनमधून येणार आहे, थप्पीने, सगळ्यांचं मन सारखंच. छपाई कुठली विचारलं तर झिक्ले म्हणायचं, इंकजेट म्हणायचं नाही. मशीन इंकजेटचंच असतं, पण शब्द फ्रेंचवरून घेतलाय, अर्थ फवारा मारणं. पिचकाऱ्या आपल्या जिन्यात पण आहेत म्हणा, पण त्यांना फ्रेम नाही.

चित्र निवडताना चित्राकडे बघू नका. कुशनचं कव्हर काढून मोबाईलच्या स्क्रीनला लावून बघा, शेड जुळली की झालं. मी असंच केलं आणि चार दिवसांनी कुशन बदलली, तो भाग सोडा.

आता घरचे बोलणार. माझी आजी काठी टेकत पुढे आली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पोतेरं फिरवलंय का रे कुणी?" मी म्हटलं आजी, हे जपानी आहे. तर म्हणे, "अरे शेणाने अंगण सारवताना हात असाच फिरायचा की. रोज सकाळी असले वीस काढायचो, फुकट." खरं सांगायचं तर त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि जपान्यांकडेही असेल असं वाटत नाही. शेजारचे भाई पेढा खायला आले तर काळजीने म्हणाले, "आ प्रिंट आखी नथी आवी के? बदली आपशे, फोन करो ने." म्हणजे प्रिंट पुरती आलेली नाही का, बदलून देतील, फोन करा. असल्या वेळी रागवायचं नाही. मंद हसायचं आणि रिकाम्या जागेबद्दल बोलायचं. जपानी लोक त्या मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात. फक्त जपून वापरा, वडोदऱ्यात 'या चित्रात मा आहे' असं म्हटलं की निम्मे लोक हात जोडतात.

कुणी फाइन आर्ट्सवाला पाहुणा निघाला (गावात फाइन आर्ट्सचं कॉलेज आहे, कधी कोण निघेल सांगता येत नाही) तर गायतोंडे म्हणायचं. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर, 1924, झेनचा नाद, वर्षाला पाच-सहा चित्रं काढली तरी खूप. आणि लगेच 2021 ला एक चित्र जवळजवळ 40 कोटींना गेलं हे सांगून टाकायचं, मग पुढचे प्रश्न येत नाहीत, सगळे गप्प बसून तुमच्या गोलाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

एक गोष्ट मात्र कुणाला कळू देऊ नका. जुन्या जपानी घरात चित्रासाठी एक कोनाडा असतो, तोकोनोमा. तिथे एकच गुंडाळीचं चित्र लटकवतात, ऋतू बदलला की ते गुंडाळून पेटीत आणि दुसरं बाहेर. बाकी भिंती मोकळ्या. आपल्याला हे परवडत नाही. आपण ड्रिल मारून एकदाच लावणार, बाजूला टीव्ही, खाली पितळी हत्ती, चार्जिंगच्या तीन वायरी, वरती एसीचा पाइप, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध साडेतीन फुटांची शांतता.

आणि इथल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, चुकूनही जाऊ नका. चित्रकार नंदलाल बोस 1924 ला रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान बघून आलेला माणूस, त्याने 1939 ते 1946 मध्ये येऊन जाऊन तिथल्या भिंती रंगवल्या, गंगावतरण वगैरे. पण त्यात माणसं दिसतात, गोष्ट कळते, शिवाय त्या भिंती घरी आणता येत नाहीत. मी बेचाळीस वर्षं याच गावात आहे, एकदाच गेलो, तेही पुण्याचा मेव्हणा मागे लागला म्हणून. माळ्यावर पणजीची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, कमळात उभी, साडीवर पणजीनेच चिकटवलेल्या टिकल्या. सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणातली चित्रं करून घेतली, पुढे 1894 ला त्याने मुंबईत छापखाना घातला आणि देव घरोघरी पोचले. ती पण छापील आणि फ्रेमवालीच. पण ते कॅलेंडर झालं हो, आपलं रिप्रॉडक्शन आहे.

लावताना एक बघा, कोपऱ्यात लाल शिक्का असतो, चित्रकाराचा. आमचा आठ महिने वर डाव्या कोपऱ्यात होता आणि मी पाहुण्यांना तो उगवता सूर्य म्हणून सांगत होतो. मग एका कॉलेजातल्या पोरीने मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, काका, उलटं लागलंय. रात्री बायको झोपल्यावर काढून सुलटं केलं, तर हूक खालच्या बाजूला आला, म्हणून परत उलटं लावलं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सर, ॲबस्ट्रॅक्टला दोन्ही चालतं.

फ्रेम भिंतीला चिकटून बसत नाही, वरून बोटभर पुढे झुकते, त्यामुळे पावसाळ्यापासून मागे एक पाल राहायला आलीये. दिवसभर दिसत नाही. परवा संध्याकाळी साहेब आणि वहिनी आले होते, ट्यूब लावली, वहिनी चहाचा कप धरून चित्राजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "गोलापेक्षा मला हा बाजूचा छोटासा स्ट्रोक आवडला, किती जिवंत वाटतो ना?" मी हो म्हणालो. तेवढ्यात ट्यूबपाशी डास आला.