लॅपटॉप परत कर, पण पोच घे

गेले तीन रविवार ताईकडे फोन केला की एकच विषय. भाच्याला कंपनीने काढलं. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, संध्याकाळी मेल बंद, आणि दुसऱ्या दिवशी निरोप: लॅपटॉप कुरिअरने पाठवा, तो तपासून झाला की ४५ दिवसांत फुल अँड फायनल, म्हणजे पगाराचा शेवटचा हिशेब. दाजी म्हणतात, "पैसे जमा होईपर्यंत लॅपटॉप हातचा सोडायचा नाही." काका म्हणतात, पोलीस दारात येतील. मी तोंड उघडलं, तर दाजी म्हणाले, "तुला तिथे जर्मनीत बसून काय कळणार!"

हे मला लागलं. कळतं मला, दाजी.

जर्मनीत वस्तूचा हिशेब वेगळा आणि पगाराचा वेगळा. लॅपटॉप तुमच्या घरी असला तरी कायद्याच्या नजरेत ताबा कंपनीचाच, त्यामुळे थकलेल्या पगारापोटी तो अडवून धरता येत नाही. पण कंपनीलाही मनमानी करता येत नाही. मेलवर काढलं तर ते ग्राह्यच नाही. कागद लागतो, त्यावर शाईची सही लागते. बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेलं मंडळ, असेल तर आधी त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि त्सॉइग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, मागितलं की द्यावंच लागतं. आपल्याकडे रिलिव्हिंग लेटरसाठी पोरांना जसं महिनोन्‌महिने झुलवतात, तसं इथे चालत नाही.

"आपल्याकडे कायदाच नाही," हे दाजींचं पालुपद मात्र खोटं आहे. २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. कामावरून काढलं की दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. दोन दिवस! १९३६च्या कायद्यातही हे होतंच, फक्त ठरावीक पगाराच्या आतल्यांसाठी. मग हे ४५ दिवस कुठून आले, असं एचआरला कोणीच कसं विचारत नाही? लॅपटॉप तपासायचाय, जरूर तपासा. सोपवलेली वस्तू हरवली किंवा बिघडली तर वेतनातून कापता येतं, पण कर्मचाऱ्याची हयगय असेल तरच, आणि त्याला बाजू मांडू दिल्यावरच.

आणि काकांची भीतीही अगदीच निराधार नाही. कंपनी कायदा २०१३, कलम ४५२: कंपनीची मालमत्ता गैरपणे अडवून ठेवली तर एक ते पाच लाख दंड, आणि न्यायालयाने मुदत देऊनही परत केली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. १९५६च्या कायद्यात हेच कलम ६३० होतं. नोकरी सुटल्यावरही कंपनीची जागा न सोडणाऱ्यांवर ते लावलं जायचं. त्यात माजी कर्मचारीही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्येच सांगितलंय. म्हणजे ज्याचं येणं बाकी, तोच लॅपटॉप धरून बसला की आरोपी व्हायचा. आपली बाजू खरी असताना ही ब्याद कशाला ओढवून घ्यायची?

मलाही २०१८मध्ये इथल्या कंपनीने काढलं होतं, आणि वस्तू परत करायच्या टेबलावर मीही बसलो होतो. लॅपटॉप, चार्जर, दाराचं कार्ड, खणाची किल्ली. समोरच्या बाईंनी लॅपटॉप उलटा करून सिरीयल नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी कागदावर ताडून पाहिला. प्रत्येक वस्तूपुढे खूण, खाली दोघांच्या सह्या, एक प्रत मला. चार्जरची वायर मी आदल्या रात्री ओल्या फडक्याने पुसून नीट गुंडाळून नेली होती. वीस मिनिटांत सगळं संपलं. हे मी आजवर सगळ्यांना इथल्या शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगत आलोय.

पुढचं सांगत नाही. माझ्यासोबत काढलेला जर्मन सहकारी वकिलाकडे गेला. तीन आठवड्यांच्या मुदतीत त्याने दावा लावला, तडजोडीत चांगली रक्कम घेतली. तोच हक्क मलाही होता. पण माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, त्या नोकरीवर होतं, नोकरी गेल्याचं आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीला, कळवायचं होतं, आणि मला एकच धास्ती, की भांडलो तर ह्या देशात माझं नाव खराब होईल. कायद्याने तसं काही होत नाही, हे तेव्हाही वाचलं होतं. तरी गेलो नाही. वायर पुसली ती शिस्तीने नाही, भीतीने. सात महिने ताईला फोनवर "काम जोरात चाललंय" सांगत राहिलो.

दाजी कायद्यात चुकतायत, पण पोराच्या बाजूला उभे आहेत, आवाज चढवून. मी त्या टेबलावरून उठलो तेव्हा कोणाला फोन करावा, हेच मला सुचलं नव्हतं.

भाच्याला सांगायचं ते ठरलंय. लॅपटॉपचे चारही बाजूंनी फोटो काढ, तुझ्या खासगी फायली काढून घे, कंपनीच्या फायलीला हात लावू नकोस. पिकअप त्यांच्या खर्चाने मागव, सिरीयल नंबरसकट पोच घे, आणि त्याच दिवशी कायद्यातल्या दोन दिवसांच्या मुदतीवर बोट ठेवून वेतन मागणारं लेखी पत्र धाड. पण येत्या रविवारी आधी २०१८चं सांगणार आहे. दाजींनाही फोनवर घे म्हणून ताईला कळवलंय.