एका वर्षावरून अंदाज नको

मागचं सारखं हवामान शोधून त्यावरून पुढचा अंदाज बांधण्यावरच्या लेखातलं 'यंदा १९९७ सारखाच एल निनो आहे, म्हणजे पाऊसही तसाच' हे वाक्य खटकलं. १९९७ ला प्रचंड एल निनो (विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) असूनही देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला, कारण हिंदी महासागराचा द्विध्रुव (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक) जोरदार धन होता, म्हणजे पश्चिम भाग जास्त तापलेला होता. २००२ चा एल निनो त्यापेक्षा सौम्य, तरी पाऊस ८१ टक्के! म्हणून साम्य शोधताना दोन्ही समुद्रांचं तापमान बघायलाच हवं.

रोजच्या अंदाजासाठी जुने जुळते दिवस शोधताना ८५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीवरचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे वारे घ्या. मूळ आकडे नकोत, सरासरीपासूनचा फरक घ्या. जुळणी त्याच तारखेच्या मागेपुढे १५ दिवसांतच करा, नाहीतर जूनला सप्टेंबर चिकटतो. क्षेत्र अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर एवढंच ठेवा. अख्खा गोलार्ध जुळायला माणसाकडच्या नोंदी कधीच पुरणार नाहीत. समुद्र तापत चाललाय, तो कल आधी वजा करा.

आणि कृपया एकच जुळं वर्ष निवडू नका. आठ-दहा घ्या, त्यांच्या पावसाचा पल्ला सांगा. पुण्यात तर हे फारच गरजेचं: वारे हुबेहूब जुळले तरी घाटात धो धो आणि शिवाजीनगरला भुरभुर, असं नेहमीच होतं.