'गटार साफ करायची डिग्री' म्हणे!

रविवारी सकाळी अमळनेरहून ताईचा फोन. बाकी काही नाही, थेट, "भाऊ, हाई खरं शे का?" मेव्हण्यांच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं मला पाठवला होता, वर 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा' असा हुकूम. भाचीची बारावी झालीय. पर्यावरणशास्त्राच्या ॲप्रेंटिसशिपवाल्या बीएस्सीला (म्हणजे काही सत्रं कंपनीत शिकाऊ म्हणून काम करायचं) जायचं तिच्या मनात आहे, आणि या एका मेसेजपायी मेव्हण्यांनी फॉर्म अडवून धरलाय. मेसेजातले दावे पाच: ही डिग्री खरी नाही, कंपन्या फुकट राबवतात, पोरींना गटारात उतरवतात, शेवटी नोकरी मिळत नाही, आणि खान्देशात पर्यावरणाचं कामच नाही. मी १४ वर्षं सांडपाण्याच्या प्लँटवर काढलीत, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय.

गटारापासूनच सुरू करतो, कारण मेव्हण्यांचं घोडं तिथंच अडलंय. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे, मग तो पदवीधर असो की अंगठेबहाद्दर. (तरीही माणसं उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. त्यांच्यासाठी 'प्रत्येक पालकापर्यंत' काही पोहोचवलेलं मी तरी पाहिलं नाही.) मग शिकाऊ पोरगी ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर, करते काय? सकाळी एअरेशन टाकीतलं (जिथं जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडतात) पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये भरायचं आणि अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. गाळ ३००च्या रेघेपर्यंत खाली बसला, तर टाकीतले जिवाणू खूश. ८००लाच लटकून राहिला तर गाळ फुगलाय, पाण्याबरोबर बाहेर वाहून जाणार. रंग चॉकलेटी आणि वास ओल्या मातीचा असला की निवांत चहा घ्यायचा. काळा रंग, सडक्या अंड्याचा वास आला, तर आधी हवा सोडणाऱ्या ब्लोअरकडे पळायचं. मग सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याची चाचणी, त्यात नमुना दोन तास उकळत ठेवायचा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडीची आणि ३० मिलिग्रॅम बीओडीची (तीच घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन). हे सगळं मला नोकरी लागल्यावर कळलं. आमच्या कॉलेजात सीओडीचं प्रॅक्टिकल फळ्यावर झालं आणि जर्नल सीनियरचं बघून उतरवलं. अशी डिग्री मात्र 'खरी' बरं का!

त्या 'खरी नाही'चं उत्तर दोन ओळींत. यूजीसीच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं ॲप्रेंटिसशिपची असू शकतात. त्यांचे क्रेडिट पदवीतच धरतात आणि पदवी विद्यापीठच देतं.

फुकट राबवतात? १९६१चा ॲप्रेंटिस कायदा कोणी उघडून तरी बघा. त्याच्या २०१९च्या सुधारित नियमांनी पदवीच्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. जळगावात खोली आणि मेस भागवून हातात फार उरत नाही, हे कबूल. मेसेजात दाखवलेलं कलम १८ शिकाऊला कामगार मानत नाही, तेही कबूल. पण त्याच कायद्याचं कलम १४ कारखान्यातले आरोग्य-सुरक्षेचे नियम शिकाऊलाही लावतं, आणि कामावर इजा झाली तर कलम १६ भरपाई मालकाकडून घ्यायला लावतं. मेसेजवाल्याला १८ बरं सापडलं, त्याच्या आजूबाजूचं नाही.

नोकरीचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. कलम २२ प्रमाणे मुदत संपल्यावर ठेवून घ्यायची मालकावर सक्ती नाही. पण साध्या बीएस्सीला कोण लिहून देतं?

आणि खान्देशात काम नाही म्हणणाऱ्यानं एकदा भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राची राख बघून यावी. जळगावची एमआयडीसी आहे, साक्री तालुक्यात सौर प्रकल्प आहे. त्याच तालुक्यातल्या बारीपाड्याचं जंगल गावानं राखलं म्हणून चैतराम पवारांना २०२५ला पद्मश्री मिळाली. जागा पुण्या-नाशिकएवढ्या नाहीत, एवढं खरं.

मेव्हण्यांना खरंच काळजी असेल तर कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. करार कोणत्या कंपनीशी होणार? तो सरकारी पोर्टलवर नोंदवणार का? आणि त्या प्लँटवर लॅब रोज चालते, की रीडिंग खुर्चीत बसून भरतात? तिसरा प्रश्न विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. मी असली रजिस्टरं पाहिलीत, महिनाभर पीएच ७.२, एक दिवस इकडचा तिकडे नाही.

ताईला हे सगळं लिहून पाठवलं. तासाभरानं भाचीचाच मेसेज: "मामा, दिवाळीत काढलेला त्या सिलिंडरचा व्हिडिओ परत पाठवा, पप्पांना दाखवायचाय."