पाच सूत, पाच जागा आणि पांढरी पाच

आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात गिटारवादक एकच असल्यामुळे त्याने जुन्या चित्रपटगीतांना स्वच्छ खणखणीत सूर द्यावा, कोळीगीताला आखूड ठसका द्यावा आणि सोसायटीतील तरुण मंडळींच्या आग्रहाखातर शेवटी होणाऱ्या रॉक गाण्यात जाडजूड गुरगुरही करावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. जाणकार वादक यासाठी दोन-तीन गिटारी बाळगतात. माझे अंदाजपत्रक एका बऱ्या गिटारीलाही पुरणारे नव्हते, म्हणून स्वस्त सुटे भाग जमवून सर्व कामे करणारी एकच इलेक्ट्रिक गिटार घडवायची असे मी ठरवले. सर्व कामे करणाऱ्या वस्तूंचा आमच्या घरातील एकमेव अनुभव सोफा-कम-बेडचा आहे आणि त्याच्यावर धड बसता येत नाही की झोपता येत नाही, हे पत्नीने त्याच वेळी निदर्शनास आणून दिले होते.

या उद्योगाचे श्रेय किंवा खापर, जे काही असेल ते, लिओ फेंडर यांच्याकडे जाते. मुळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि स्वतः गिटार वाजवता न येणाऱ्या या कॅलिफोर्नियातील गृहस्थांनी गिटारीची मान चिकटवण्याऐवजी स्क्रूने आवळली. त्यांच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचे सगळे भाग सुटे करता येतात, हे यथावकाश चीनमधील कारखान्यांच्याही लक्षात आले, आणि आता मान, तारा टेकतात तो पूल, खुंट्या, तारांचा कंप विजेत बदलणारे पिकअप यांपैकी काहीही घरबसल्या मागवता येते. प्रत्येक पाकिटावर तो भाग सर्व गिटारींना बसेल अशी ग्वाही असते. एकमेकांना बसण्याची ग्वाही मात्र कोणीच देत नाही. पुलावर शेजारच्या दोन तारांमधले अंतर एका मापात साडेदहा मिलिमीटर, तर जुन्या अमेरिकी मापात सव्वाअकरा. सहा तारांच्या पाच फटींत हा फरक जवळजवळ चार मिलिमीटरवर जातो आणि सर्वांत बारीक तार मानेच्या कडेवरून खाली उतरू पाहते. आवाजाच्या बटणाचीही तीच तऱ्हा. अमेरिकी दांड्याला २४ दाते आणि आशियाई दांड्याला १८, त्यामुळे चाळीस रुपयांचे बटण बसवायला तासभर कानस घासावी लागते.

बॉडी मात्र मी मागवली नाही, कारण माळ्यावर जुन्या दाराचा सागवान पडून होता. या बाबतीत मला क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा मोठा आधार वाटत होता. १९६३ च्या सुमारास त्यांनी वडिलांच्या मदतीने शेकोटीच्या जुन्या चौकटीतील लाकूड वापरून गिटार केली, तिच्या सूर हलवणाऱ्या दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचे टोक बसवले आणि पुढे क्वीनच्या मैफिली तिच्यावरच गाजवल्या. हे सारे मी आमच्या सुतारमामांना भक्तिभावाने सांगितले. "तिकडं सुतार मिळत नाहीत का?" एवढेच त्यांनी विचारले.

मामांना मिलिमीटर मान्य नाहीत. मानेची खाच किती खोल हवी याचे मी कागदावर १५.९ असे उत्तर काढले होते आणि ते पाच-अष्टमांश इंच होते, असेही सांगितले. "म्हणजे पाच सूत. मग तसं सांगायचं ना, साहेब!" असे म्हणून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. अमेरिकेतील कारखान्याचे माप आणि आमच्या सुतारमामांचे माप एकच निघाल्याचे पाहून मला भरून आले. ६४८ मिलिमीटरच्या तारेत पुलाची जागा मामांकडून अर्धा सूत सरकली, पण प्रत्येक तारेखालचे सॅडल स्क्रूने मागेपुढे करता येत असल्यामुळे तेवढे खपून गेले. सागवानाचे वजन मात्र कोणत्याही स्क्रूने कमी होत नाही. नुसती बॉडीच पावणेतीन किलोची झाली असून तीन तासांच्या कार्यक्रमानंतर माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली असतो.

विजेच्या जोडणीत खरा पेच होता. पुलाजवळ हंबकर नावाचा दोन वेटोळ्यांचा पिकअप आणि पुढे एकेरी वेटोळ्याचे दोन पिकअप, अशी माझी योजना होती. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट (आवाजाच्या बटणाखालचा बदलता रोध) लागते आणि एकेरीला २५० चे; पहिले घेतले तर एकेरी पिकअप किंचाळतात, दुसरे घेतले तर हंबकरचा घसा बसतो. ५०० चे पॉट घेऊन एकेरी पिकअपना ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला की त्यांना सुमारे २४२ चा भास होतो आणि दोन्ही पक्ष शांत राहतात. हा रेझिस्टर बुधवार पेठेत रुपया-दोन रुपयांना मिळतो, परंतु एक मागितल्यावर दुकानदार ज्या नजरेने पाहतो ती टाळण्यासाठी मी दहा घेतले. संपूर्ण गिटारीत पहिल्याच प्रयत्नात नीट बसलेला भाग तोच.

पिकअप निवडणारा पाच जागांचा खटका बसला आणि गिटार खरोखर पाच आवाजांत बोलू लागली. शिवाय व्हॉल्यूमचे बटण वर ओढले की हंबकरचे एक वेटोळे बंद होऊन तोही एकेरी होतो. पण एकेरी वेटोळे मंडपातल्या दिव्यांच्या माळांची वीजही तितक्याच आवडीने ऐकते. सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर केला तो याचसाठी: दोन वेटोळी आणि त्यांचे चुंबक उलटसुलट ठेवल्याने तारांचा आवाज दुणावतो आणि विजेची गुणगुण परस्पर खोडली जाते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि खर्जातली पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) ४९ हर्ट्झची, म्हणजे ही गुणगुण जवळजवळ सुरातच असते. तरी तालमीत मी हंबकर लावून ती घालवली आणि कौतुकाची वाट पाहिली.

आमच्या ज्येष्ठ गायिका ताई अस्वस्थ झाल्या. "अरे, ते मागे घुंऽऽ वाजायचं, ते कुठे गेलं? मी त्याच्यावरच पट्टी धरत होते."

तेव्हापासून त्यांच्या गाण्याआधी मी बटण वर ओढतो, त्या डोळे मिटून पांढरी पाच धरतात आणि मान डोलावताच मी बटण दाबतो. त्यांचा षड्ज त्या एका हर्ट्झमुळे किंचित चढा लागतो, अशी हार्मोनियमवाल्यांची तक्रार आहे; ती वीज मंडळाकडे करावी, असे मी त्यांना सुचवले आहे.