घूं आवाज गेला, सोबत अर्थिंगही गेलं

‘जुना स्टिरिओ भंगारात देऊ नका, घरीच नवा करा: ७ सोपे उपाय’ हा मेसेज गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘इंजिनिअर मित्राकडून साभार’ आणि हात जोडलेले तीन इमोजी. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण मागच्या रविवारी अमळनेरला नानांकडे गेलो आणि मेसेज तिथे माझ्या आधी पोचलेला दिसला.

नानांकडे ऐंशीच्या दशकातला ॲम्प्लिफायर आहे. पत्र्याची बॉडी, आत वीटभर ट्रान्सफॉर्मर, वर काकूंनी विणलेला रुमाल. जेवणं झाल्यावर मी सहज मागे वाकून पाहिलं, तर तीन पिनी टॉपची वरची जाड पिन हॅक्सॉ ब्लेडने कापलेली. कापलेला भाग अजून पिवळाधमक चमकत होता.

‘नाना, हे काय केलं तुम्ही?’

‘आरे, मेसेजमा लिखेल शे ना! घूं आवाज एकदम बंद व्हयना.’

आणि त्याच ॲम्प्लिफायरला ऑक्सची वायर लावलेला मोबाईल हातात धरून नातू खाली फरशीवर अनवाणी बसलेला.

मेसेजमधला उपाय पहिला: ‘स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर प्लगची तिसरी पिन काढून टाका, तिचा काही उपयोग नसतो.’ यातलं अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. पिन काढली की आवाज बऱ्याचदा खरंच जातो, म्हणूनच तर हा उपाय इतका पसरतो. ‘काही उपयोग नसतो’ हे मात्र ज्याने लिहिलं त्याला एकदा सादळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला हात लावायला सांगायला हवं.

ती पिन अर्थिंगची, आतून थेट पत्र्याच्या बॉडीला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, किंवा उंदराने आतली वायर कुरतडली आणि फेज पत्र्याला टेकला, तर करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर काहीच उडत नाही. गाणं चालू राहतं आणि पत्रा २३० व्होल्टवर बसतो. पुढची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ऑक्सच्या वायरीची बाहेरची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे शॉक खायला ॲम्प्लिफायरला हात लावावाच लागत नाही, वायरीच्या दुसऱ्या टोकाचा मोबाईल पुरतो.

मी मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. मंद पेटला. याचा अर्थ लगेच शॉर्ट आहे असा नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडी गळती असतेच, टेस्टर तेवढ्यानेही पेटतो. पण पिन जागेवर असती आणि घरचं अर्थिंग नीट असतं तर तीही जमिनीत गेली असती.

ऑडिओतल्या ‘हम’वर, म्हणजे याच घूं आवाजावर, आयुष्य घालवलेले, जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स या अमेरिकन कंपनीचे बिल व्हिटलॉक यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आवाज घालवायला सुरक्षेचं अर्थिंग कधीही तोडायचं नाही, लूप तोडायचा तर सिग्नलच्या वायरीत तोडायचा. त्या ‘इंजिनिअर मित्रा’समोर मला हा एक माणूस पुरेसा आहे.

लूप म्हणजे काय, तर दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीला जोडलेली असतात आणि त्या दोन वाटांमधला फरक ५० हर्ट्झची गुणगुण होऊन स्पीकरमधून येतो. शोधायला अक्कल लागते ती एवढीच: व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज तसाच राहिला तर दोष बहुधा पॉवर सप्लायच्या कंडेन्सरचा, म्हणजे वीज साठवून ती सपाट करणाऱ्या भागाचा. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला तर बाहेरून काहीतरी येतंय. मग जोडलेल्या वायरी एकेक करून काढा. (टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, असेल तर त्याची बारीक अर्थिंगची तार मागच्या स्क्रूला आहे ना, ते आधी पाहा.) नानांकडे सेट-टॉप बॉक्सचा आवाज ॲम्प्लिफायरवर घेतलेला. मी स्विच बंद करून, घराबाहेर जाऊन नवा तीन पिनी टॉप आणून बसवला. चालू केल्यावर घूं परत आलं. गच्चीवरच्या डिशची केबल बॉक्समधून उपटली आणि घूं गेलं. दहा मिनिटांचं काम. बॉक्स आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. तो मागवलाय, तोवर डिशची बातमी टीव्हीच्याच स्पीकरवर.

आता आणखी एक कबुली. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग कित्येकदा नावालाच असतं. मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी, आणि मे महिन्यात खान्देशातली काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळलेली. कोरड्या मातीत करंट जाणार कसा? तेव्हा ‘तसंही आमच्याकडे अर्थिंग चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी त्या खड्ड्यात पाणी ओतावं, वायरमनला बोलवावं. पिनेवर करवत चालवू नये. मूळचीच दोन पिनी असलेली मशीनं वेगळी. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची असतात, त्यांना अर्थिंग लागत नाही.

उपाय दुसरा: ‘फ्यूज वारंवार जात असेल तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळा.’ हे वाचून मी नानांच्या फ्यूजची टोपी आधी उघडली. सुदैवाने नाना सिगारेट ओढत नाहीत. दोन अँपियरच्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद घातला की पुढचा फ्यूज म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग. फ्यूज सारखा जातो तेव्हा बहुतेकदा आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो. कोणताही जुना मेकॅनिक मशीन आधी सिरीज बोर्डवर लावतो, म्हणजे मशीनकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून जाते: शंभर वॅटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भकभकीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

व्हॉल्यूमच्या करकरीवर ‘गंज काढायचा स्प्रे मारा’ असं लिहिलंय. करकर धुळीमुळे, पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या भागाच्या) आतल्या कार्बन पट्टीवरच्या मळामुळे होते, हे बरोबर. आमच्याकडे तर धुळीत कापसाची बारीक तूसही येते. पण डब्ल्यूडी-४० या असल्याच स्प्रेचा नेहमीचा डबा मागे तेलकट थर ठेवतो, पॉटच्या दांड्यातलं ग्रीस धुऊन काढतो, आणि त्या थरावर महिन्याभरात नवी धूळ चिकटते. ती कंपनी स्वतः कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा विकते, यातच काय ते आलं.

‘दहा वर्षांत सगळे कंडेन्सर मरतात, सगळे बदला.’ सगळे? साध्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर ८५ अंशाला २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं, आणि दर दहा अंश कमी तापमानाला ते साधारण दुप्पट होतं. ॲम्प्लिफायरच्या आत ५५ अंश धरा, जळगाव-अमळनेरच्या उन्हाळ्यात ते सहज होतात. तरी १६,००० तास होतात. रोज दोन तास ऐकलं तर जवळपास बावीस वर्षं. हा अंदाज आहे, हमी नाही. नानांच्या मशीनचे मोठे फिल्टर कंडेन्सर आता तपासायला झालेत, हे मीही म्हणतो. फुगलेले, गळलेले, घूं करणारे बदला, चांगले उपटू नका. आणि तो विणलेला रुमाल काढा. त्याने हवेची जाळी झाकली जाते. (हे काकूंना सांगायचं काम मी नानांवर सोपवलं.)

वयाने खरोखर मरतं ते रबर आणि फोम: टेपडेकचा बेल्ट डांबरासारखा होतो, स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच झडतो. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

उरलेलं पटकन. ‘नवा ५००० वॅटचा होम थिएटर घ्या.’ खोक्यावरचे ते पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) वॅट आहेत, त्याची कुठेही एक ठरलेली व्याख्या नाही. खरे ५००० वॅट हवे असतील तर २३० व्होल्टला बावीसएक अँपियर लागतील, दोन गीझरांपेक्षा जास्त. त्या खोक्यासोबत बारा व्होल्ट, तीन अँपियरचा अ‍ॅडॉप्टर येतो. गुणाकार करा, छत्तीस वॅट. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने असल्या आकड्यांना चाप लावला होता, आपण अजून खोकं वाचतोय. ‘सोन्याचा मुलामा दिलेली स्पीकर वायर घ्या’: पाच मीटरसाठी घरच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली. लाल-काळी वायर दोन्ही स्पीकर बॉक्सना सारखी लागलीय का ते मात्र पाहा. एक उलटा असेल तर बेस गायब होतो. ‘जुनं मशीन वीज खातं’: गाणं वाजत नसताना तीस वॅट धरले तरी रोज दोन तासांचे महिन्याला दोन युनिटही होत नाहीत.

नानांच्या मशीनला मी ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर लावून दिला, ऑक्सवर, फोनोवर नाही. फोनोचं सॉकेट टर्नटेबलच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, त्यात मोबाईल घातला तर आवाज फाटतो. आता नातू मोबाईल घेऊन कुठेही बसतो. डावा चॅनल अजून करकरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर पुढच्या फेरीला नेणार आहे. तोवर मशीन बंद असताना नॉब रोज वीस वेळा इकडून तिकडे पूर्ण फिरवा, असं नानांना सांगितलंय. परवा फोन आला, ‘पंचवीस फिरवस मी.’