‘विचारलं की डोक्यात शिरतं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी सकाळी आत्याचा फोन. तिचा पोरगा, म्हणजे माझा आतेभाऊ, डिप्रेशनच्या गोळ्या घेतो. आवाज एकदम खाली घेऊन विचारत होती, "अरे, बारक्याच्या गोळ्या बंद केल्या तर चालतंय ना? मी पाकीट उचलून कपाटात वर टाकलंय." मी म्हणालो तुला कुणी सांगितलं बंद करायला, तर म्हणाली ग्रुपवर आलंय की, मोठ्या डॉक्टरनं लिहिलंय. तिच्या आवाजात भीती होती आणि थोडी आशा पण होती, की आता पोराला गोळ्या लागणार नाहीत, आणि त्या आशेचाच मला जास्त राग आला. तिच्यावर नाही, मेसेज लिहिणाऱ्यावर.

तो मेसेज तुमच्याकडं पण आलाच असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, तिथून मामाकडच्या ग्रुपवर, मग गल्लीच्या. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगतो. डिप्रेशन म्हणजे रिकामपणाचा आणि श्रीमंतांचा रोग, आपल्या आजी-आजोबांना कधी झालं नाही. घरातलं घरातच ठेवा, मनातलं चारचौघात बोललात तर लोक हसतील आणि पोरापोरींची लग्नं जमणार नाहीत. डॉक्टरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्माची सवय. कुणाला मरायचे विचार येतात का असं चुकूनही विचारू नका, नसलेला विचार डोक्यात शिरतो. जो बोलून दाखवतो तो काही करत नाही. आणि शेवटी, पहाटे उठा, घाम गाळा, देवाचं नाव घ्या, सगळं पळून जातं. खाली सही म्हणून ‘एक अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ’. नाव नाही, गाव नाही, कुठल्या दवाखान्यात बसतात ते नाही. एवढा अनुभव आहे तर नाव लिहायला काय हरकत होती?

आजोबांपासूनच सुरू करतो, कारण आमच्या घरात हा मुद्दा सगळ्यांना पटला.

माझे आजोबा गिरणीत होते. सोलापुरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तशी त्यांची पण पडली. त्यानंतर ते रोज भोंगा वाजायच्या वेळेला उठायचे, तोंड धुवायचे, सदरा घालायचे, बटणं वरपर्यंत लावायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. भोंगा तर बंदच झाला होता. दुपारी जेवायला हाक मारली तरी दोन-तीनदा मारावी लागायची. भाकरी पुढ्यात ठेवली की अर्धी खायचे. माझ्याशी बोलायचे, पण मी काय सांगितलं ते पुन्हा विचारायचे, लक्षच नसायचं. असं दोन-चार महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत वळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "गिरणी गेली आणि ह्यांनी हाय खाल्ली." आता मला सांगा, ही ‘हाय’ म्हणजे काय होतं? आपल्या बोलण्यात किती शब्द आहेत बघा, हाय खाल्ली, मनाला लावून घेतलं, घोर लागला, अंथरूण धरलं, आतल्या आत खंगला, जीव कशातच रमत नाही. जी गोष्ट कधी झालीच नाही तिच्यासाठी कुठली भाषा इतके शब्द तयार करत नाही. आजोबांना डॉक्टर मिळाला नाही, त्यांच्या दुखण्याला नाव मिळालं नाही, म्हणून दुखणंच नव्हतं असं म्हणायचं असेल तर मला ते मान्य नाही.

आणि श्रीमंतांचा रोग? सरकारच्या एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२१ चा रिपोर्ट आहे. त्या वर्षी देशात १,६४,०३३ लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यातले ४२,००४ रोजंदारीवर काम करणारे, म्हणजे चारातला एक. १,०५,२४२ जणांचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. पुढच्या वर्षी, २०२२ ला, राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, २२,७४६. प्रत्येक आत्महत्येमागं मानसिक आजारच असतो असं नाही, कर्ज असतं, घरातली भांडणं असतात, दारू असते, दुखणी असतात, हे मला कळतं. पण मन मोडणं हे फक्त पैसेवाल्यांच्या घरात होतं असं ज्याला वाटतंय त्यानं एकदा आमच्या पूर्व भागात, सोलापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीत, येऊन आठवडाभर राहावं. बाराबारा तास मागावर उभा राहणारा माणूस रिकामा असतो का?

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. ‘विचारू नका, विचारलं की डोक्यात शिरतं.’

माझा आतेभाऊ अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. (त्याला विचारून लिहितोय, तो म्हणाला नाव नको, बाकी लिही.) मागच्या उन्हाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना दिसत होतं. जेवण कमी झालं, रात्रपाळी नसली तरी जागाच असायचा, मित्रांचे फोन उचलायचा नाही. सगळे म्हणायचे उन्हाळा आहे, कामाचा ताण आहे, लग्न करून टाका. मग एक दिवस कळलं की त्यानं हौसेनं घेतलेलं घड्याळ एका मित्राला देऊन टाकलं, सहज, काही कारण नसताना. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

उन्हाळ्यात आमच्याकडं गच्चीवर झोपतात. त्या रात्री मी मुद्दाम आत्याकडं थांबलो. बाकीचे झोपले, आम्ही दोघं कडेला, पलीकडच्या गल्लीतून मागांचा खडखडाट चालूच होता. मला पण तेव्हा हीच भीती होती जी त्या मेसेजमध्ये लिहिलीय, की आपण विचारायचं आणि याच्या डोक्यात नसलेलं काही भरायचं. अर्धा तास मी इकडचं तिकडचं बोललो. शेवटी सरळ विचारलं, "तुला मरून जावंसं वाटतंय का?" तो आभाळाकडं बघत पडला होता, तसाच राहिला. मला वाटलं आता चिडणार. मग म्हणाला, "हो. लई दिवस झाले. कुणाला सांगावं कळंना दादा."

एवढंच. मी काही त्याच्या डोक्यात भरलं नव्हतं, ते तिथं कित्येक आठवडे होतं, एकट्याच्या डोक्यात. नंतर तो पहाटेपर्यंत बोलला. मी फार काही केलं नाही, मध्ये एकदा पाणी आणून दिलं आणि त्याला एकट्याला सोडलं नाही. उजाडल्यावर दोघं सिव्हिलला गेलो, तिथं मानसोपचार विभाग आहे, ओपीडी आहे, केसपेपर काढून नंबर लावला.

काका म्हणतील हा तुझा एकट्याचा अनुभव झाला. बरं, मग हे घ्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ६ हायस्कूलमधल्या २,३४२ पोरांवर नेमकं हेच तपासलं गेलं, २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पोरांचे दोन गट केले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोण कुठं जाईल ते नशिबावर. एका गटाला पहिल्या फॉर्ममध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न विचारले, दुसऱ्या गटाच्या फॉर्ममध्ये ते प्रश्न ठेवलेच नाहीत. दोन दिवसांनी दोन्ही गटांना विचारलं. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांच्यात असे विचार वाढले का? नाही. त्यांचा त्रास वाढला का? नाही. उलट ज्या पोरांना आधीच डिप्रेशन होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांच्यात प्रश्न विचारलेल्यांची अवस्था न विचारलेल्यांपेक्षा बरी दिसली. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका त्यालाच विचारण्याचा उपयोग. ज्या प्रश्नाला तुमचा अनुभवी तज्ज्ञ विष म्हणतोय तो प्रश्न एवढ्या पोरांना विचारून झालाय. तिकडची पोरं वेगळी म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या आत्महत्या रोखण्यावरच्या अहवालात गैरसमजांची यादीच दिलीय, आणि ‘याबद्दल बोलणं म्हणजे उत्तेजन देणं’ हा त्यातलाच एक. तिथं लिहिलंय की उघड बोलल्यानं माणसाला दुसरा मार्ग दिसतो किंवा निर्णयाचा फेरविचार करायला वेळ मिळतो. वेळ! त्या गच्चीवर आम्हाला तेवढाच पाहिजे होता.

‘जो बोलून दाखवतो तो करत नाही’ हा पण त्याच यादीतला गैरसमज, आणि हा तर आपल्याकडं इतका पक्का बसलाय की कुणी म्हणालं "कंटाळा आला जगण्याचा" तर समोरचा म्हणतो "गप बे, नाटकं करू नको." असं बोलणारा माणूस बऱ्याचदा मदत मागत असतो. त्याला नाटकी म्हणालात की तो परत मागणार नाही. माझा आतेभाऊ नंतर म्हणाला की त्यानं कारखान्यात दोघांना आडून आडून सांगून बघितलं होतं, दोघं हसले.

गोळ्यांबद्दल अर्धं खरं आहे ते मान्य करतो, कारण नाही केलं तर आत्यासारख्या बाईला वाटेल मी लपवतोय. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या अशा असतात ज्यांची सवय लागते, म्हणूनच त्या थोडे दिवस आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात, मेडिकलमधून मनानं आणून खायच्या नसतात. पण डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या म्हणजे त्या नव्हेत. त्यांची नशा येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्यांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे जातात, आणि बरं वाटायला लागलं तरी साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, नाहीतर दुखणं उलटतं. आणि एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड असलं होऊ शकतं, म्हणून हळूहळू कमी करत बंद करतात, तेही डॉक्टरला विचारून. बंदच होत नाहीत असं नाही. आत्यानं पाकीट कपाटात टाकलं तेव्हा पोरगा रात्रपाळीवरून येऊन झोपला होता, त्याला पत्ताच नव्हता. मी तिला तेवढंच म्हणालो की आत्या, तू त्याच्या काळजीनंच केलंस, पण आधी पाकीट खाली काढ, मग बोलू. तिनं फोन चालू असतानाच स्टूल ओढलं, मला आवाज आला.

लग्नाचा मुद्दा. हे दुर्दैवानं खरं आहे, लोक बोलतात, स्थळं मागं फिरतात, मी खोटं कशाला सांगू. पण मग चूक कुणाची, आजारी माणसाची का मागं फिरणाऱ्यांची? आणि उघड बोला म्हणजे सगळ्या भावकीला ओरडून सांगा असं कुणीच म्हणत नाही. कुणाला सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. एक माणूस पुरतो, पण तो एक तरी पाहिजे. ‘घरातलं घरातच’ म्हणता, पण आमच्या घरात कुठं बोलत होतो आम्ही? आजोबांशी तेव्हा कोण बोललं?

मेसेजच्या खाली कुणीतरी पोलीस केस होते म्हणून पण घाबरवलंय. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, त्यातलं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. त्यामुळं पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

पहाटे उठा, चाला, घाम गाळा, हे बरोबर आहे. व्यायामानं, झोपेची वेळ नीट ठेवल्यानं फरक पडतो, डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, भाऊ आता सुट्टीच्या दिवशी कंबर तलावाकडं चालायला जातो. आत्या दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते, त्यानं तिला धीर येतो, ते मी कशाला नाकारू. फक्त हे तेव्हा सांगा जेव्हा माणूस अंथरुणातून उठू शकतोय. मागच्या वर्षी त्याला दात घासायला उठणं जड जात होतं, तेव्हा त्याला ‘पहाटे उठ’ म्हणणं म्हणजे तू कमी पडतोयस असंच सांगणं झालं, आणि ते तो स्वतःला आधीच दिवसभर सांगत होता.

ज्यांना कुणाशी बोलायचंय आणि घरात बोलता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठीच नाही, दुसऱ्या कुणाची काळजी वाटत असेल तरी लावता येतो. मला त्या रात्री गच्चीवर हा नंबर माहीत नव्हता.

गोळ्यांचं पाकीट आता परत फ्रीजवर आहे, शेंगाचटणीच्या डब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल असं. भाऊ रात्रपाळीला जाताना आत्या त्याच्या डब्यात कडक भाकरी बांधते आणि विचारते, आज कसं वाटतंय. तो कधी बरं म्हणतो, कधी नाही म्हणतो. काकांना मी फोन करून हे सगळं सांगितलंय, ते ऐकून घेतात, हो हो म्हणतात, पण ग्रुपवर अजून एक ओळ लिहिलेली नाही. काका, ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात त्याच ग्रुपवर हे टाका. मी वाट बघतोय.