विहीर मचूळ झाली की काटकसर आपोआप येते

कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही शेतकरी पाणी साठवण्याबाबत उदासीन, म्हणून प्रबोधन करा, असा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. पटलं नाही. प्रत्येकाची गरज काय, ते आधी बघा.

आमची गुहागरकडे नारळ-पोफळीची (सुपारीची) वाडी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एप्रिलात पंप जरा जास्त चालवला की विहिरीचं पाणी मचूळ, खारट लागतं. चहा नासला की आमचे काका पंप बंद करतात! पोफळीच्या आळ्यात नारळाची सोडणं (सालं) उताणी पुरायची, वर झावळ्या पसरायच्या, म्हणजे चार दिवस ओल टिकते. हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. शेजाऱ्यांची मात्र सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, हापूसची मोठी कलमं. पहिली काही वर्षं हंड्याने पाणी घातलं, आता झाडांना त्याची फारशी गरज नाही. ते कशाला ठिबकवर पैसे घालतील?

वनराई बंधारा म्हणजे पऱ्यावर (ओढ्यावर) मातीची पोती रचून घातलेला तात्पुरता बांध. त्याचंही तसंच. दिवाळीनंतर पऱ्यावर पोती भरायला कोण येतं? ज्यांची गुरं खाली पाणी पितात ते, आणि ज्यांच्या बायकांना मार्चपासून हंडे घेऊन चढ चढावा लागतो ते. (खरं तर त्या बायकाच येतात, नवरे फोटोपुरते.) भातशेतीवाल्याचं काम पावसातच संपलेलं असतं, आणि जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं ते त्याला दिसतही नाही. बंधाऱ्याखाली त्याचा पावट्या-मिरचीचा मळा असता, तर पहिलं पोतं त्यानेच भरलं असतं.